नाजूक पेला, थरथरता हात

माझ्या परिचयातील एका घरी परदेशस्थ मुलाने आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी सहा वाइन ग्लास पाठविले. उंच दांडीचे, कागदासारख्या पातळ कडेचे. त्या घरात मद्य कोणी घेत नाही. तरीही आजोबांना ते पेले इतके आवडले, की संध्याकाळचे कोकम सरबत ते त्यातूनच घेऊ लागले. पहिल्या वर्षभरात तीन पेले फुटले. तिसरा फुटला तेव्हा त्याची एक बारीक कपची आजोबांच्या तळपायात शिरली. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली. त्यामुळे दोन दिवस त्यांना काहीच जाणवले नाही. अंथरुणावरचा डाग पाहून सुनेच्या लक्षात आले. जखम भरायला पाच आठवडे लागले.

उरलेले तीन पेले काचेच्या कपाटात गेले आणि आजोबांच्या हाती झाकणाचा प्लॅस्टिकचा कप आला. त्या दिवसापासून त्यांचे सरबतच नव्हे, पाणी पिणेही कमी झाले. ‘मी काही तान्हे मूल नाही,’ एवढेच ते म्हणत. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात पिण्याचे भांडे नकोसे वाटले तर शरीरातील पाणी कमी होऊन थकवा, बद्धकोष्ठता, चक्कर, लघवीचा संसर्ग अशी दुखणी मागे लागतात. सुनेची काळजी खरी होती आणि आजोबांचा मानही खरा होता. म्हणून आजचा प्रश्न असा, की नाजूक काच रोजच्या वापरात कितपत टिकते आणि ती कोणाच्या हाती द्यावी?

काच का फुटते?

काच जुनी होऊन फुटत नाही. वाळू, सोडा आणि चुना यांपासून बनलेली साधी काच शतकानुशतके जशीच्या तशी राहू शकते. ती कमकुवत होते पृष्ठभागावरील ओरखड्यांमुळे. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हेच दाखवून दिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि तडा तिथूनच पुढे धावतो. काल पडूनही न फुटलेला पेला आज नुसता ओट्यावर ठेवताना फुटतो, त्याचे कारण हे. तो आज फुटलेला नसतो; कालच दुखावलेला असतो.

दुसरा शत्रू तापमानातील एकाएकी होणारा बदल. ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले, त्यांना हे सांगायला नको. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पेटलेला असताना त्याच्या तापल्या काचेवर पावसाचा एखादा थेंब पडला, तरी ती तडकत असे. थेंबाखालचा भाग आक्रसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो आणि त्या ओढाताणीत काच हार मानते. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून प्रयोगशाळेतील चंबू आणि गरम चहाचे काचेचे कप तिचे करतात. मात्र तीही हातातून पडली तर फुटतेच. उष्णता सोसणे आणि आघात सोसणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे विकत घेताना ध्यानात ठेवावे.

तिसरा शत्रू आकार. ऑस्ट्रियातील क्लाउस रीडेल यांनी 1973 मध्ये निरनिराळ्या वाइनसाठी निरनिराळ्या घाटाच्या, तोंडाने फुंकून घडविलेल्या पातळ पेल्यांची मालिका बाजारात आणली. पेला जितका मोठा व कड जितकी पातळ तितका तो उंची, ही अभिरुची त्यानंतर जगभर रुजली. पण उंच दांडी, वर भरलेले वजन आणि खाली लहानशी बैठक म्हणजे कोपराचा हलका धक्काही पुरे. याच्या उलट आपल्या टपरीवरचा कटिंगचा ग्लास पाहा. ठेंगणा, जाड बुडाचा, उभ्या कंगोऱ्यांमुळे बोटांत घट्ट बसणारा. दिवसातून कित्येकदा विसळला जातो, एकमेकांवर आपटतो, तरी टिकून राहतो.

कणखर काच

काच कणखर करता येते. ती तापवून वेगाने थंड केली, की तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि बारीक भेगा सहज उघडत नाहीत. ही टफन्ड काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट बळकट असते आणि फुटलीच तर लांब टोकदार सुऱ्यांऐवजी लहान बोथट तुकडे होतात. रसायनांच्या साहाय्यानेही हे साधते. पूर्व जर्मनीत 1980 ते 1990 या काळात काचेतील सोडियमच्या जागी पोटॅशियम बसवून ‘झुपरफेस्ट’ नावाचे पेले बनविले गेले. त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. दोन्ही जर्मनी एक झाले आणि ते उत्पादन बंद पडले. फुटेल तरच नवे विकले जाईल, या व्यापाराच्या हिशेबात न फुटणाऱ्या पेल्याला जागा नव्हती, असे त्याविषयी सांगितले जाते. तत्त्व मात्र टिकले. आज मोबाईलच्या पडद्यावरील काच त्याच रीतीने बळकट केलेली असते.

‘क्रिस्टल’ या शब्दाने मात्र फसू नये. जुन्या, जड, टिचकी मारताच घंटेसारख्या वाजणाऱ्या क्रिस्टलमध्ये शिसे असते. युरोपातील नियमानुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणविण्यासाठी ते ऑक्साइडच्या रूपात किमान 24 टक्के असावे लागते. अशा पेल्यातून क्वचित प्रसंगी पिऊन लगेच धुतल्यास त्यातून येणारे शिसे अल्प असते. परंतु आंबट पेय त्यात साठवून ठेवल्यास शिसे पेयात उतरत राहते. लिंबू, कोकम, संत्रे ही सारी आंबटच. त्यामुळे असे पेले रोजच्या वापरात आणू नयेत, सुरईत सरबत करून ठेवू नये आणि नातवंडांना व गर्भवतींना ते देऊ नयेत. हल्लीचे शिसेविरहित क्रिस्टल या बाबतीत निर्धास्त आहे. खरेदीच्या वेळी तेवढे विचारून घ्यावे.

धुताना, पुसताना

दांडीचे पेले पिताना फुटतात त्याहून अधिक पुसताना फुटतात. एका हाताने बैठक धरायची आणि दुसऱ्या हाताने आतले फडके फिरवायचे, ही आपली सवय. त्या पिळामुळे दांडी मोडते आणि तिचे टोक तळहातात किंवा मनगटात घुसते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी ही जखम साधी नव्हे. म्हणून पेला नेहमी वरच्या फुगीर भागालाच धरावा आणि तेवढाच भाग पुसावा. बैठक निराळी पुसावी. शक्यतो पुसूच नये, मऊ पंचावर निथळत ठेवावा.

स्टीलच्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये काच टाकू नये. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर वर्ज्य. मऊ स्पंज आणि कोमट पाणी पुरते. पेले एकात एक घालून ठेवू नयेत. काच धुरकट दिसू लागली तर थोडे व्हिनेगर लावून पाहावे. डाग गेला तर तो पाण्यातील क्षार होता. न गेला तर डिशवॉशरमधील तीव्र साबणाने काचच झिजली आहे असे समजावे. ती झीज भरून येत नाही. कडेचा टवका उडालेला पेला, कितीही महाग असला तरी, त्याच दिवशी बाद करावा.

हाताची परीक्षा

कोणता पेला द्यावा हे वय पाहून नव्हे, हात पाहून ठरवावे. स्टीलचा पेला पाऊण भरून टेबलावरून ओठांपर्यंत न्यावा आणि परत ठेवावा, असे पाच-सहा वेळा करून पाहावे. पाणी सांडले, बोटे घसरली, पेला टेकताना आपटला, तर दांडीचा पेला त्या हातासाठी नाही. कंपवात, संधिवात किंवा पक्षाघातानंतरची दुर्बलता असेल तर ठेंगणा, रुंद तोंडाचा, कंगोरेदार टफन्ड ग्लास द्यावा. अरुंद तोंडाच्या पेल्यातून शेवटचे घोट घेताना नाक कडेला अडते आणि मान मागे टाकावी लागते. गिळण्यास त्रास असणाऱ्यांना त्यामुळे ठसका लागू शकतो. दृष्टी अधू असेल तर पांढऱ्या मेजावर पारदर्शक काच दिसतच नाही. गडद रंगाचा रुमाल किंचित ओला करून खाली अंथरावा; पेला दिसतोही आणि सरकतही नाही.

फुटलाच तर

प्रथम ज्येष्ठांना जागच्या जागी बसवावे आणि त्यांच्या पायात चपला द्याव्यात. मोठे तुकडे जाड कागदाने उचलावेत. बारीक चुऱ्यासाठी ओला कापूस किंवा कणकेचा गोळा फरशीवर दाबत न्यावा. मग दिवा मालवून बॅटरीचा झोत जमिनीलगत टाकावा. राहिलेले कण चमकून दिसतात. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ‘काच’ असे ठळक लिहावे, कारण तो कचरा कोणीतरी हाताने उचलणार असतो. मधुमेह असलेल्यांचे तळपाय त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस उजेडात तपासावेत. खोल रुतलेली काच घरी ओढून काढू नये; भोवती दाब देऊन डॉक्टरांकडे न्यावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

त्या घरी शेवटी तडजोड झाली. दिवसभराचे पाणी ठेंगण्या, निळसर, जाड ग्लासातून. संध्याकाळी मात्र जेवणाच्या मेजाशी, पायात सपाता घालून, ओल्या रुमालावर ठेवलेला दांडीचा पेला, एक तृतीयांश भरलेला. शेजारी आजी. प्लॅस्टिकचा कप माळ्यावर गेला आणि पाणी पिणे पूर्ववत झाले.

मागच्या महिन्यात चौथा पेलाही फुटला. कोणी कोणाला बोलले नाही. सुनेने बॅटरी आणली, आजोबांनी पाय वर घेतले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटातून पाचवा पेला निघाला.