नाकाची कूर्चा आणि पुण्याचा कुंभार

प्रयोगशाळेतील मानवी सापळ्याकडे नीट पाहा. डोळ्यांच्या खोबणी आहेत, दात आहेत. पण नाकाच्या जागी वर हाडाचा लहानसा तुकडा आणि खाली नुसते भोक! याचे कारण सोपे आहे. नाकाचा पुढचा भाग हाडाचा नसून कूर्चेचा असतो, आणि मृत्यूनंतर कूर्चा हाडाइतकी टिकत नाही.

स्वतःच्या नाकाचे टोक चिमटीत धरून वाकवा व सोडा. ते लगेच पूर्ववत होते. हा कूर्चेचा लवचीकपणा. दोन नाकपुड्यांमधील पडद्याचा पुढील भाग चौकोनी कूर्चेचा असतो. तो जणू तंबूचा मधला खांब. त्याच्या दोन्ही बाजूंना वर एकेक व खाली एकेक अशा आणखी कूर्चा असतात. आपल्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत तुम्ही बैल पाहिले असतील. जाणता माणूस वेसण घालताना पडद्याची कूर्चा टाळून तिच्या पुढच्या मऊ भागाला छिद्र पाडतो. हे शरीरशास्त्र त्याच्या बोटांना ठाऊक असते.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास चेहऱ्याच्या जागी दोन जाडसर ठिपके दिसतात. ते आत खचून त्यांच्या खळग्या होतात व त्यांच्याभोवती नाक घडते. आरंभी नाकाचा सारा सांगाडा कूर्चेचा असतो. पुढे मागच्या भागाचे हाड होते, पुढचा भाग कूर्चाच राहतो. वाढत्या वयात चेहऱ्याचा मधला भाग पुढे येण्यासही पडद्याच्या कूर्चेचा हातभार लागतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या अन्नावरच तिच्या पेशी जगतात. म्हणून दुसरीकडे नेऊन बसवली तरी ती तग धरते. पण एकदा मेली की पुन्हा भरून येत नाही. कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये नाकावर मार बसला, तर कधी आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते. अन्न तुटते, काही दिवसांतच कूर्चा मरते आणि नाकाचा दांडा खोगिरासारखा खचतो. म्हणून मार लागल्यावर नाक चोंदले, दुखणे वाढत गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर साकळलेले रक्त काढले तर नाक वाचते.

गेलेले नाक पुन्हा करता येते काय? सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाच्या कातडीचे नाक करण्याची कृती आहे. पुण्याजवळची हकीकत तर छापून आलेली आहे. 1792 च्या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. छापील हकिगतीत त्याचे नाव कावसजी असे आहे. वर्षभराने पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून तो पत्रा कपाळावर पसरायचा, त्याबरहुकूम कातडी सोडवायची आणि भुवयांमधली एक पट्टी मात्र तोडायची नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहते. मग कातडी पीळ देऊन खाली बसवायची व वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावायच्या. नाक जडल्यावर सुमारे 25 व्या दिवशी पट्टी कापायची. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज शल्यवैद्यांनी अशी क्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती प्रसिद्ध झाली. जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर सराव केला, 1814 मध्ये लंडनला ती शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

तरीही एक उणीव होतीच. ते नाक नुसत्या कातडीचे. आत खांब नाही. पुढे शल्यवैद्य पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा काढून आत आधार देऊ लागले. पण कोरलेली बरगडीची कूर्चा हळूहळू वाकडी होई. 1958 मध्ये गिब्सन व डेव्हिस यांनी कारण शोधले. कूर्चेचा बाहेरचा थर ताणलेला असतो, आतला दाबलेला. दोहोंचा तोल असतो तोवर ती सरळ. एका बाजूचा थर काढला की ती उरलेल्या थराच्या बाजूला वळते. म्हणून सर्व बाजूंनी सारखे कोरायचे. कांद्याची पात उभी चिरून पाण्यात टाका. तिचे फाटे बाहेरच्या बाजूला वळतील. तिथेही आतले व बाहेरचे थर सारखे ओढत नाहीत. भौतिकशास्त्र असे नाकापर्यंत पोचते!

सुश्रुताचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु नुसत्या अभिमानाने ज्ञान वाढत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नावसुद्धा त्या हकिगतीत नाही. त्याचे कसब जगाला कळले ते परक्यांनी लिहून ठेवले म्हणून. ज्याच्या हाती कसब होते त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती ते आपले लोक त्याच्या अंगणात बसून ‘असे का?’ म्हणून विचारायला गेले नाहीत. हे अंतर जातीने पाडले. ते आजही पुरते बुजलेले नाही.

ते बुजवणे तुमच्या हाती आहे. शिक्षकांनी प्रकल्पवहीत दरवर्षी एक विषय असा द्यावा : गावातील सुतार, कुंभार, लोहार किंवा वेसण घालणारा जाणता माणूस यांच्याकडे जा, ते काय करतात ते मापांसह लिहा, त्यांचे नाव घाला, आणि ‘असे का?’ याचे उत्तर प्रयोगाने शोधा.