ऊब आहे, गवताचे काय?

फ्लोरिडातले क्रिस्टल रिव्हर अभयारण्य १९८३मध्ये खास मॅनेटीसाठी राखले गेले. चार-पाचशे किलोंचा हा शाकाहारी जीव दिसतो धष्टपुष्ट, पण पाणी २० अंशांखाली गेले की गारठून आजारी पडतो, मरतोही. म्हणून हिवाळ्यात शेकडो मॅनेटी इथल्या झऱ्यांकडे धाव घेतात. तिथले पाणी बारमाही २२ अंशांच्या आसपास. नेमके तेव्हाच पर्यटकही पाण्यात उतरतात. अनेक मॅनेटींच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे वळ असतात आणि संशोधक त्यांवरूनच एकेकीला ओळखतात. यापरते लाजिरवाणे ओळखपत्र कोणते?

बोटींचा वेग आवरायला हवा, कडाक्याच्या थंडीत झरे माणसांना बंद हवेत, हे आहेच. पण खरे दुखणे गवताचे. सांडपाणी आणि खतांनी शेवाळ माजते, पाणगवत मरते. २०२१मध्ये राज्यात सुमारे ११०० मॅनेटी दगावल्या. पूर्व किनाऱ्यावर कित्येक उपासमारीने. त्याआधी चारच वर्षे, त्यांच्यावरचा धोका कमी झाल्याचे सांगत अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांचा संरक्षणाचा दर्जा एक पायरी उतरवला होता! क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बेमध्ये आता शेवाळ उपसून पुन्हा गवत लावले जात आहे. ते टिकवायचे तर आसपासच्या हिरवळींवर ओतल्या जाणाऱ्या खताला आधी चाप लावावा लागेल.