यादी आणि तहान

परक्या शहरात गेल्यावर तिथल्या कोणत्या ब्रुअऱ्या पाहाव्यात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगा आहे काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. हा प्रश्न मद्याचा कमी आणि अभिरुचीचा अधिक आहे. निवड कशाच्या आधारे करावी, कोणाच्या सांगण्यावरून करावी आणि तिची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी की नाही, असा तो खरा प्रश्न आहे. आमच्याच व्यवसायातील सुविद्य मंडळींनी अलीकडे त्याचे जे उत्तर स्वीकारले आहे, ते आम्हांला साफ अमान्य आहे.

ते उत्तर म्हणजे यादी. चर्चासत्राच्या वा सहलीच्या निमित्ताने ब्रुसेल्सला निघालेला आपला प्राध्यापक 'पहिल्या दहा' ब्रुअऱ्यांची यादी आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतो. प्रत्येक नावापुढे तारे असतात, दशांशचिन्हासकट गुण असतात. मग दोन दिवसांत सात ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी लाकडी तबकातले चार-पाच लहान पेले, एक छायाचित्र आणि लगेच पुढचा पत्ता. वर्गात विद्यार्थ्यांना 'गाइडवर विसंबू नका, मूळ संहिता वाचा' असे बजावणारा हाच गृहस्थ शहर मात्र गाइडमधून वाचतो, आणि ही विसंगती त्याला जाणवतही नाही.

यादीचा पहिला दोष असा की, ती स्थळ पुसून टाकते. गुण द्यायचे तर सर्व वस्तू एकाच मोजपट्टीवर आणाव्या लागतात, आणि मोजपट्टीवर तेच उतरते जे कुठेही सारखे असते. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले. तेव्हापासून बिअर भरवशाची झाली, तशीच ती जागेपासून सुटीही झाली. आज अमेरिकेतील याकिमा खोऱ्यातले हॉप्स आणि पाकिटातले यीस्ट मागवून कुठल्याही शहरात तीच सुगंधी, कडवट बिअर उत्तम रीतीने करता येते. ती वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. पण जी पुण्यात वा बंगळुरात मिळते, तिच्यासाठी ब्रुसेल्सची एक संध्याकाळ का खर्चावी, याचे उत्तर यादीपाशी नसते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यादीला लोकमताचा कौल मानण्याची प्रथा पडली आहे. जगभरच्या बिअरप्रेमींच्या गुणांवर उभे असलेले 'रेटबिअर' हे संकेतस्थळ घ्या. जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी असलेल्या एबी इनबेव्हच्या एका शाखेने त्यात हिस्सा घेतल्याचे 2017 साली उघड झाले. 2019 मध्ये ते संपूर्ण तिच्या मालकीचे झाले आणि 2025 च्या फेब्रुवारीत बंदही पडले. गुणपत्रिका ज्याच्या कपाटात, तोच परीक्षार्थी! अशा व्यवस्थेला आपण परीक्षा म्हटले नसते. पण प्रवासात तिच्यावर डोळे मिटून विसंबलो. हे गुण कोणी हेतुतः बदलले असा आरोप आम्ही करीत नाही. आपली अभिरुची आपण कोणाकडे गहाण टाकतो, याची चौकशीही आपल्याला करावीशी वाटली नाही, हा आमचा आक्षेप आहे.

मग निवडावे कसे? आमची कसोटी एकच आहे: ही बिअर इथून उचलून दुसरीकडे नेली, तर तीच राहील काय? 'नाही' असे उत्तर जिथे मिळते, तिथे जावे.

ब्रुसेल्समध्ये या कसोटीला सर्वप्रथम उतरते ती आन्देरलेख्त भागातली कान्तियों. 1900 साली सुरू झालेल्या या घराण्याच्या ब्रुअरीत 1978 पासून संग्रहालयही आहे. पण तेथील वस्तू काचेआड मेलेल्या नाहीत. त्यांच्यावर आजही काम चालते. इथे होते ती लाम्बिक. मोड आणलेले सातू आणि कच्चा गहू यांचा काढा हॉप्ससह उकळतात. हे हॉप्सही मुद्दाम जुने केलेले असतात, कारण हवा असतो तो त्यांचा टिकवण्याचा गुण. कडवटपणा नको असतो. मग तो गरम काढा छपराखालच्या उथळ, रुंद तांब्याच्या हौदात सोडतात आणि रात्रभर तसाच उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतले, तुळयांवरचे आणि पुढे पिंपांच्या लाकडात मुरलेले सूक्ष्म जीव आपण होऊन त्यात शिरतात. म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते. उन्हाळ्यात नको ते जीव माजतात. कोळ्यांची जाळीदेखील तिथे झाडत नाहीत, कारण फळांवरच्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात. ही वास्तू म्हणजेच त्या बिअरचे बियाणे आहे. ती पाडून शेजारी नवी बांधली, तर बिअर बदलेल.

पुढची पायरी साहित्याच्या माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावी. एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लाम्बिकांचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवतात, ती ग्यूझ. कोणत्या पिंपातले किती घ्यायचे, हे चाखूनच ठरवावे लागते. कोवळ्या लाम्बिकमध्ये साखर उरलेली असते आणि ती बाटलीत फेस आणते. जुनीत खोली असते. दोन्हींचा तोल साधणारा माणूस संपादक आहे, समीक्षक आहे. तो पिंपासमोर उभा राहून निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे परिणाम स्वतः भोगतो. ताऱ्यांनी गुण देणाऱ्याला काहीच भोगावे लागत नाही. समीक्षा आणि शेरेबाजी यांतला फरक इतक्या स्वच्छपणे समजावून देणारे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. ही तर जुन्याची भक्ती झाली. पेल्यात ओतलेला देशीवादच! तसे नाही. आमची दुसरी निवड एकविसाव्या शतकातली आहे. 'ब्रासरी द ला सेन' 2010 पासून ब्रुसेल्समध्ये बिअर करते. तिने नाव घेतले आहे ते सेन नदीचे. ही नदी एकोणिसाव्या शतकात, 1867 ते 1871 या काळात, शहराने मध्यभागी झाकून टाकली आणि तिच्यावर रुंद रस्ते काढले. तिच्या 'झिनेबिर' या बिअरच्या नावात 'झिनेके' हा खास ब्रुसेली शब्द आहे. सेनेकाठच्या भटक्या, संकरित कुत्र्यांना तो म्हणत, आणि पुढे मिश्र कुळाचे शहरवासी तो स्वतःविषयी अभिमानाने वापरू लागले. दुसऱ्या एका बिअरला तर गोगोलचा तारास बुल्बा नाव देऊन गेला आहे! स्थानिक असणे म्हणजे शुद्ध असणे नव्हे, हे या ब्रुअरीची लेबले आपल्याकडच्या अनेक परिसंवादांपेक्षा नेमकेपणाने सांगतात. 

दुसरा आक्षेप विपुलतेचा: एवढ्या दूर जाऊन दोनच ठिकाणे? ज्यांना संख्याच हवी, त्यांच्यासाठी त्याच शहरात 'डेलिरियम कॅफे' आहे. 2004 साली तिथे 2004 प्रकारच्या बिअर उपलब्ध असल्याची नोंद गिनीजने केली. कोशाचे मोल आम्ही जाणतो. पण कोश चाळला म्हणजे कविता वाचली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय सात ठिकाणी घोट घेत फिरणाऱ्याची जीभ तिसऱ्या ठिकाणीच बधिर होते. पुढची चार ठिकाणे तो चाखत नाही, केवळ खूण करतो. प्राध्यापकांनी मद्यावर लिहावे काय, असे कुजबुजणाऱ्यांनीही हा हिशेब मांडून पाहावा. अधिक कोण पितो, यादीवाला की आम्ही?

तिसरा आक्षेप चवीचा. लाम्बिक आंबट असते. पहिल्या घोटाला अनेकांचे तोंड वाकडे होते. होऊ द्यावे. पहिल्या वाचनात न रुचलेल्या पुस्तकाला दोन तारे देऊन मिटवायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो काय? न आवडण्याचे कारण शोधणे हाही आस्वादच आहे, आणि त्यासाठी लागणारा दीड-दोन तासांचा निवांतपणा यादी कधीच देत नाही.

हीच कसोटी घरीही लावता येते. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या 'डूलाली' या ब्रुअरीचे नाव पाहावे. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी परतण्याची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या सोजिरांनी त्या गावाचे नाव आपल्या बोलीत नेले. इंग्रजीत त्याचा अर्थ 'डोके फिरलेला' असा रूढ झाला. तोच शब्द फिरून पुण्यात ब्रुअरीची पाटी होऊन आला. मराठी गावाचा हा प्रवास मराठीच्या किती प्राध्यापकांनी तिथे बसून आठवला असेल? तारे मात्र सर्वांनी मोजले असतील.

म्हणून आमचा आग्रह असा: यादी घरी ठेवावी. शहराविषयी आधी वाचावे, त्याची नदी कुठे गेली ते विचारावे आणि मग दोनच ठिकाणे निवडावीत. निवड चुकली तरी ती आपली असेल. उसन्या निवडीला तेवढेही भाग्य नसते.