शिबिराचा हिशेब



मागच्या महिन्यात आपल्या महिला मंडळाचं आरोग्य शिबिर झालं. शुगर तपासली, बीपी तपासलं, डॉक्टरांचं भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं. मग पंगतीत बुंदीचे लाडू वाढले. ज्यांची साखर वाढलेली निघाली त्यांनीही खाल्ले. मीही खाल्ला.

मी बी.कॉम. झालेली. चार वर्षं मंडळाची खजिनदार होते. मंडप, बॅनर, सत्कार, जेवण हे खर्च मीच वहीत लिहिले. बायकांनी रोज चालावं, यासाठी त्या वहीत एक रुपयाही नव्हता. तेव्हा हे बोलणं स्वतःला धरूनच आहे.

तपासणी म्हणजे ताळेबंद. तो वर्षातून एकदा मांडतात, पण धंदा रोज करावा लागतो. आपण नुसताच ताळेबंद मांडतोय.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्याच श्रमाचं काही हवं. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायामही हवेत. एक सामायिक 48 मिनिटांचं. म्हणजे तीन सामायिकांहून फक्त 6 मिनिटं जास्त!

"घरकामात होतो की व्यायाम!" मीही असंच म्हणायची. मग श्रवणबेळगोळला गेलो. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या माझ्या सासूबाई सत्तरीत चढल्या होत्या. मला साठीतच डोली करावी लागली. चौघांच्या खांद्यांना शिणवून भगवान बाहुबलींसमोर उभी राहिले, तेव्हा मान वर होईना.

कोणी म्हणतं, देहाचे लाड कशाला? अहो, देह वेगळा, आत्मा वेगळा, हे मान्य. पण खाली बसून सामायिक करायला, पंचांग नमस्कार घालायला गुडघे लागतातच. मंदिरात खुर्च्या किती वाढल्यात, मोजा एकदा.

कोणी म्हणतं, गवतावर जीव असतात. मग गवतावर चालूच नका. फरसबंद आवारात, चार हात पुढची जमीन बघत चाला. मुनींना ईर्यासमिती सांगितलीच आहे. चातुर्मासात सभागृहात चाला.

माझं मागणं साधं आहे. सभागृह सकाळी रिकामं असतं. स्वाध्यायानंतर रोज अर्धा तास ते चालण्या-व्यायामासाठी उघडा. सत्काराच्या पैशातून शिकवणारी बाई ठेवा. सुनांसाठी संध्याकाळचीही वेळ ठेवा, कारण सकाळी त्यांना डबे असतात. आणि सासवांनो, त्या वेळी सुनेला म्हणा, "तू जा, कुकर मी लावते." हे जमलं नाही, तर बाकी सगळे ठराव कागदावरच राहतील.

येत्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला या. आणि शक्य असेल तर गाडी घरी ठेवून या.