बाळंतिणीचे वजन आणि घराचा वाटा

गेल्या फाल्गुनात मावसबहिणीच्या नातवाच्या बारशासाठी जवळा बाजारला जाण्याचा योग आला. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव, नावातच बाजार. हळदीचा हंगाम होता. उकडलेली हळद मोकळ्या जागी वाळत पडली होती आणि तिचा उग्र गंध घरापर्यंत येत होता. बारसे थाटात झाले. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि मग आलेल्या बायकांची नजर बाळावरून बाळाच्या आईकडे वळली. 'चांगली भरलीस गं', एकीने म्हटले. दुसरी म्हणाली, 'आता हे काही उतरायचं नाही.' पोरगी हसली. पण ते हसू ओठांपुरतेच होते.

ती पुण्यात शिक्षिका आहे, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. रात्री बाळ झोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, 'मावशी, तू एवढं वाचतेस, लिहितेस. पोट कमी करायचा तो पट्टा असतो ना, त्याचा खरंच उपयोग होतो का गं? मला व्यायामाला वेळ नाही आणि अंगात त्राणही नाही. काहीतरी सोपं सांग.' तेवढ्यात तिची आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. 'वजनाबिजनाचं काही मनात आणू नकोस. खा मुकाट्यानं, कंबर धरेल,' असे म्हणत तिने दोन लाडू तिच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खळ्यावर हळद उकडण्याचे काम चालू होते. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली, तिच्यात दोन महिन्यांचे मूल. त्याची आई हळदीची घमेली उचलत होती आणि मूल रडले की काम टाकून त्याला पाजायला बसत होती. तिच्या गळ्याची हाडे मोजता आली असती. तिला कोणी डिंकाचा लाडू दिला नव्हता आणि 'वजन उतरव' असेही कोणी म्हटले नव्हते.

एका गावातील, एकाच ऋतूत बाळंत झालेल्या या दोघी. एकीचे वजन वाढलेले, दुसरीचे घटलेले. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न. परंतु मुळाशी गेले की प्रश्न एकच आहे. मूल झाल्यानंतर त्याच्या आईची जबाबदारी नेमकी कोणाची?

'वजनाची चिंता हा शहरी चोचला आहे' असे म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहावेत. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के प्रमाणापेक्षा कृश आहेत, तर २३.४ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. याचा अर्थ स्थूल स्त्रीदेखील सुपोषित असेलच असे नाही. वजन भरपूर आणि रक्त कमी, अशी अवस्था आपल्या घराघरांत आहे. बाळंतपणात वाढलेले चार-पाच किलो अंगावरच राहिले, दुसऱ्या खेपेला त्यात आणखी चारांची भर पडली, की चाळिशीत मधुमेह आणि रक्तदाब दार ठोठावतात. गर्भारपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांना तर हा धोका अधिकच.

आपल्या परंपरेने बाळंतिणीचा विचार केला नव्हता असे नाही. उलट फार बारकाईने केला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीनंतर स्नेहपानाचा आणि पोटाला स्वच्छ, रुंद वस्त्र गुंडाळण्याचा निर्देश आहे. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचारांना स्वतंत्र स्थान आहे. सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाचे मर्दन, शेक, बाळंतशोपा, हळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू ही सारी व्यवस्था झिजलेल्या शरीराला पुन्हा उभे करण्यासाठी होती.

मात्र त्या व्यवस्थेला दुसरी बाजू होती आणि तिचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. ते लाडू खाणारी स्त्री सव्वा महिन्यानंतर जात्यावर बसत होती. पहाटे दळण, मग आडावरचे पाणी, धुणे, शेतावरची भाकरी आणि निंदणी. आमच्या परभणी-हिंगोलीकडे जात्याचे नाव घेतले की गंगाखेडच्या जनाबाई आठवतात. स्त्रीच्या कष्टाचे आणि भक्तीचे ते प्रतीकच होऊन बसले आहे. आज जाते भिंतीला टेकवून ठेवलेले असते, दळण गिरणीतून येते आणि पाणी नळाला. कष्ट सुटले हे उत्तमच झाले. ते परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु कष्ट गेले आणि लाडवांचा डबा तेवढाच राहिला, हिशेब चुकला तो येथे.

हा हिशेब अवघड नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० उष्मांक जास्त लागतात. तुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक असतात, गुळाच्या वा साखरेच्या ग्रॅममध्ये चार. तूप, गूळ, खोबरे आणि खारीक घालून वळलेल्या पन्नास ग्रॅमच्या एका लाडवात दोनशेहून अधिक उष्मांक सहज भरतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक लाडू झाला की दुधासाठीची सारी जादा गरज भागली. त्यावर पुन्हा शिरा, खीर आणि 'दोघांसाठी खा'चा आग्रह आला की जे उरते ते अंगावरच चढणार. म्हणून लाडू टाकून द्यावेत असे नव्हे. सव्वा महिन्यानंतर दिवसाला एक लाडू पुरे, आणि तो जेवणावर न देता मधल्या वेळच्या भुकेला द्यावा. जेवणात आपली ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, उसळ आणि ताक असावे. चालत असेल तर अंडे. याहून वेगळ्या 'डाएट'ची गरज नाही. आईने उपाशी राहणे तर सर्वथा वर्ज्य. पाजणाऱ्या आईने उपास धरून वजन उतरवणे म्हणजे पायाचे दगड काढून कळस बांधणे होय.

आता त्या मुलीने मागितलेल्या सोप्या उपायांकडे येऊ. पहिला उपाय म्हणजे घाई न करणे. प्रसूतीबरोबरच बाळ, वार आणि पाणी मिळून पाच-सहा किलो वजन आपोआप उतरते. गर्भाशय मूळ आकारावर यायला सहा आठवडे लागतात, म्हणून बारशाच्या दिवशी पोट दिसणे यात नवल नाही आणि दोषही नाही. नऊ महिन्यांत चढलेले वजन उतरायलाही तितके महिने द्यावेत. एरवी प्रकृती ठीक असेल तर पुढे आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. त्याहून वेगाची हाव नको.

दुसरा उपाय स्तनपान. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याने आईचे वजन झरझर उतरते असा दावा मी करणार नाही. कोणाचे उतरते, कोणाचे फारसे उतरत नाही. पण दूध तयार होताना आईच्या शरीरातील साठा खर्ची पडतो आणि बाळाचे कल्याण तर त्यात आहेच.

तिसरा उपाय चालणे. नैसर्गिक प्रसूती झाली असेल तर बरे वाटू लागताच अंगणात दहा मिनिटे, मग वीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी आठवड्याला १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटे झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच चालण्याची मात्रा वाढवावी आणि जड उचलू नये. पडल्या पडल्या करता येईल असाही एक व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आकसतात ते हळूच आकसून पाच आकडे मोजावेत आणि सोडावेत, असे दहा वेळा. त्याने वजन उतरत नाही. परंतु खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा जो त्रास कित्येकजणी लाजेपोटी आयुष्यभर सोसतात, तो कमी होतो.

पट्ट्याविषयी मी तिला खरे ते सांगितले. पोटाला बांधलेल्या मऊ वस्त्राने आधार मिळतो, कंबरेला बरे वाटते. चरबी मात्र कोणत्याही पट्ट्याने वितळत नाही. घट्ट आवळलेल्या पट्ट्याने श्वास कोंडतो आणि टाक्यांना त्रास होतो. बारीक करणारे चहा, चूर्णे आणि गोळ्या पाजणाऱ्या आईने हातीही धरू नयेत. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीबद्दलही सांगायला हवे. तिच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. शेक हवा असेल तर खोली उघडी ठेवून गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा. परंपरेचा आदर म्हणजे तिच्यातील हेतू जपणे. धूर जपणे नव्हे.

चौथा उपाय सर्वांत सोपा, आणि तोच आपल्या घरांत सर्वांत अवघड. झोप! अमेरिकेतील बोस्टन परिसरात 'प्रोजेक्ट व्हिवा' नावाने मातांचा एक दीर्घ अभ्यास झाला. त्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या माता दिवसभरात पाच तास वा त्याहूनही कमी झोपत होत्या, त्यांच्या अंगावर वर्षअखेर पाच किलो वा अधिक वजन उरण्याचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. जागरणाने भूक बिघडते, गोड खावेसे वाटते, उठून चालण्याचे बळ राहत नाही. पण बाळंतिणीने झोपायचे कधी? बाळाला पाजणे तिच्यावाचून कोणाला जमणार नाही. पण पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, दुपटे बदलणे, अंगाई म्हणणे याला काही आईच लागते असे नाही. बाप आहे, आजी आहे, आजोबा आहेत. पहाटेचे दोन तास बापाने बाळ घेतले तर आईला सलग झोप मिळते. संध्याकाळी अर्धा तास आजोबांनी घेतले तर तिचे चालणे होते. म्हणजे आईचे श्रम थोडेच असू शकतात. मात्र त्यासाठी घराने आपले श्रम थोडे वाढवायला हवेत.

आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान सांगतो आणि तो सार्थ आहे. पण त्या व्यवस्थेची परीक्षा सणावारी नव्हे, रात्री तीन वाजता होते. मातृत्वाची थोरवी गाणाऱ्या समाजात आईचे वजन कोणी विचारीत नाही हे कोडेच आहे. गर्भारपणी प्रत्येक तपासणीला तिला काट्यावर उभे करतात. मूल झाले की काट्यावर मूल जाते आणि आई बाजूला होते. आशाताई बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. याच भेटींचे मूळ गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीत आहे. त्या भेटींत आईचीही चौकशी होते. पण तिचे वजन, रक्त आणि मन यांची नोंद पुढे वर्षभर अंगणवाडीत बाळाच्या वजनाबरोबरच घ्यायला काय हरकत आहे? गर्भारपणी साखर वाढलेल्या आईची सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. खाणे बेताचे असूनही वजन वाढत असेल, सतत थकवा असेल तर थायरॉईड तपासावे. आणि आई दिवसेंदिवस उदास राहत असेल तर तिला नाटकी म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

आणि खळ्यावरची ती दुसरी आई? नोकरदार स्त्रीची पगारी प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. हळद उकडणाऱ्या वा ऊसतोडीला जाणाऱ्या मजूर स्त्रीला रजा देणार कोण? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांत दोन महिन्यांची मजुरीही भरून निघत नाही. तिला वजन उतरवायचे नाही, चढवायचे आहे. तिच्यासाठी सर्वांत सोपा उपाय डिंकाचा लाडूच आहे!

निघताना मी बहिणीला इतकेच म्हटले, 'लेकीच्या डब्यातला रोजचा एक लाडू कमी कर आणि खळ्यावर पोचता कर.' ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने डबा उघडला, कागदात दहा-बारा लाडू बांधले आणि स्वतः चप्पल घालून निघाली. जावयाचा फोन आला तेव्हा लेक झोपली होती. बाळ आजोबांच्या मांडीवर होते. आजोबांनी तिला उठवले नाही. म्हणाले, 'झोपलीय. तासाभरानं करा.'