ओळख पटली का?

दौंडला राहणाऱ्याने ओळखीविषयी चार शब्द लिहावेत हे एका परीने साजेसेच म्हणावे लागेल. आमच्या गावालाच कित्येक वर्षे दुसऱ्या नावाने वावरावे लागले. इंग्रजांच्या जिभेला 'दौंड' काही वळले नाही. त्यांनी त्याचे 'धोंड' करून टाकले, आणि १८७८ साली येथून मनमाडपर्यंत आगगाडी धावू लागली ती 'धोंड-मनमाड' या नावाच्या मार्गावरूनच. गाव बिचारे भीमेच्या काठी होते तेथेच होते. नाव बदलले म्हणून त्याच्या मातीत की उन्हात काडीचाही फरक पडला नाही. माणसाचे मात्र असे नसते. माणसाचे नाव, चेहरा आणि आवाज दुसऱ्याने उचलला, की मागे उरलेल्या माणसाला 'मी मीच आहे' हे सिद्ध करता करता पुरेवाट होते.

हा विचार डोक्यात शिरला तो गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत. एका रात्री लेकीने तिच्या फोनवरून टीव्हीवर 'पाठलाग' लावला. "बाबा, तुमच्या काळातला सिनेमा आहे," असे ती म्हणाली. वास्तविक तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. परंतु मुलांच्या लेखी काळे-पांढरे ते सगळे बापाच्या काळातले! राजा परांजपे यांनी १९६४ साली पडद्यावर आणलेला हा चित्रपट. कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरची. प्रमुख भूमिका डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या. त्या वर्षी उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढल्याच वर्षी तमिळमध्ये त्याचा 'इदय कमलम' झाला आणि १९६६ साली राज खोसला यांनी साधना व सुनील दत्त यांना घेऊन 'मेरा साया' काढला. मराठी गोष्ट हिंदीने उचलावी, हा योग काही रोज येत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एका नामांकित वकिलाची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. तो स्वतः तिला अग्नी देतो. तो शोकात बुडालेला असतानाच पोलिस दरोडेखोरांच्या टोळीतील एका बाईला पकडतात, आणि ती म्हणते, "मी या वकिलांची बायको." चेहरा तोच, आवाज तोच. दोघांखेरीज तिसऱ्याला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टीही ती सांगते. आणि ज्याने तिला जवळ घ्यावे तोच नवरा भर न्यायालयात तिची उलटतपासणी करतो.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही आणि पाहण्याची इच्छा आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा. मात्र साठ वर्षांत ज्यांना सवड झाली नाही, त्यांची फार भीड मी धरत नाही.

वकिलासमोर प्राण सोडला ती त्याच्या बायकोची जुळी बहीण होती. न्यायालयात उभी होती तीच खरी बायको. आता गंमत पाहा. चित्रपटभर आपण सारे, त्या वकिलासकट, न्यायालयातल्या बाईकडे संशयाने पाहत असतो. ही तोतया असेल तर इतके नेमके कसे सांगते, या कोड्यात आपण गुंततो. खरी परकी बाई मात्र त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या बिछान्यावर होती, आणि तिच्याविषयी त्याला क्षणभरही शंका आली नाही! का आली नाही? कारण ती त्याने अपेक्षिलेल्या जागी होती. आपण माणूस ओळखतो असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा जागाच ओळखत असतो. अमुक घरात, अमुक साडीत, अमुक वेळी जी दिसेल ती आपली बायको. तीच बाई बेड्या घालून पिंजऱ्यात उभी करा, की ओळख संपली.

आणि आणखी एक. ती खरी आहे हे कबूल करणे त्या वकिलाला सोपे नव्हते. ते कबूल केले तर आपण रडलो ते परक्या बाईसाठी, आणि आपली बायको हालात असताना आपण तिच्या तसबिरीला हार घालत बसलो, हेही कबूल करावे लागते. म्हणून तिचा प्रत्येक पुरावा तो खोडून काढतो. त्याची बुद्धी तल्लख आहे, आणि नेमकी तीच त्याच्या आड येते. कमी शिकलेला नवरा असता तर कदाचित तो तिच्याकडे पाहून आधी रडला असता आणि मग विचार केला असता.

आपल्या इतिहासात याच्या अगदी उलट प्रकरण घडलेले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र ते कधीच मान्य केले नाही. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्या जगल्या, पण कपाळीचे कुंकू त्यांनी पुसले नाही. पुढे उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात अडकवून ठेवले होते. १७७६ साली तेथल्या किल्लेदारानेच त्याला मोकळे केले, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसे त्याच्या पाठीशी गेली. अखेर त्याचा पराभव झाला, तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते त्यामुळेच आपल्या परिचयाचे.

मी वर्गात हा विषय निघाला की मुलांना विचारतो, "इतकी माणसे फसली कशी? ती काय मूर्ख होती?" मुले 'हो' म्हणून मोकळी होतात. मला तसे वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्या लढाईत घरटी माणूस गेला, त्या लढाईतून एक जण तरी परत आला असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे असावे अशी इच्छा कोणाला होणार नाही? भाऊ परत आले तर आपला मुलगाही येऊ शकेल. तोतयाने फक्त नाव आणले; चेहरा त्याला लोकांनी दिला. पेशवाईत त्याचा फायदा घेऊ पाहणारेही होते हे खरे. पण नुसत्या लबाडांच्या बळावर एवढे बंड उभे राहत नाही. त्याला भोळ्या दुःखाचीही साथ लागते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. फ्रान्समधल्या आर्तिगा नावाच्या खेड्यातून मार्तें गेर हा शेतकरी १५४८ साली घर सोडून गेला. आठ वर्षांनी एक जण 'मी मार्तें' म्हणून आला आणि त्याच्या बायकोबरोबर तीनेक वर्षे सुखाने नांदला. प्रकरण न्यायालयात गेले. तोतया इतका बिनचूक बोलत होता, की निकाल त्याच्या बाजूने लागण्याच्या बेतात असता खरा नवरा लाकडी पाय टेकीत दाराशी येऊन उभा राहिला! १५६० साली तोतयाला फाशी झाली. त्या बाईला तीन वर्षांत खरेच काही कळले नसेल? की कळूनही, निघून गेलेल्या खऱ्यापेक्षा घरी राहिलेला खोटा तिला बरा वाटला असेल? साडेचारशे वर्षे विद्वान याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. बायकांना विचारले असते तर बहुधा लवकर उत्तर मिळाले असते.

असो. चित्रपट संपला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मला नेमका असाच प्रश्न टाकला. "अहो, उद्या माझ्यासारखी दिसणारी एखादी आली, तर तुम्ही मला कशावरून ओळखाल?"

"आवाजावरून," मी म्हणालो.

"आवाज तर तिचाही तोच होता."

"मग सवयींवरून. बावीस वर्षांचा संसार आहे आपला."

"बरं, मी चहात साखर किती घेते?"

"दोन चमचे," मी ताठ मानेने सांगितले.

लेक फिसकन हसली. सौ. उठता उठता म्हणाल्या, "तीन वर्षं झाली सोडून. ती दुसरी आली ना, तर तिला दोन चमचे घालून द्या. ती काही बोलणार नाही."

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पण त्याचे खरे कारण साखर नव्हते. या प्रश्नाने दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट वर काढली. ती आजवर मी कोणालाच सांगितलेली नाही. म्हणून येथे लिहून टाकतो.

पुण्याला जाण्यासाठी मी दौंडच्या फलाटावर उभा होतो. हे जंक्शन म्हणजे पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार वाटांची माणसे एकमेकांच्या अंगावरून जाण्याची जागा. एक म्हातारी जवळ आली. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. "सर, तुम्ही कॉलेजातलं ना? माझं पोरगं तुमच्याकडं मराठीला होतं." तिने नाव सांगितले. मला काही केल्या आठवेना. आणि पुढचे वाक्य तिने अगदी हळू उच्चारले, "गेलं ते. दोन वर्सं झाली."

मी काय म्हणायला हवे होते? 'मावशी, मला आठवत नाही,' एवढेच. पण ते तोंडातून निघाले नाही. मी म्हणालो, "हो हो, आठवतो की! फार हुशार. पहिल्याच बाकावर बसायचा. कविता छान म्हणायचा." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. दोन मिनिटांत मी एक विद्यार्थी उभा केला, त्याला गुण दिले, त्याच्याशी बोललेले आठवून सांगितले. जो शिक्षक मी नव्हतो, त्याचे सोंग मी बेमालूम वठवले.

ती सगळे ऐकत होती. गाडी लागली तशी ती म्हणाली, "सर, ते पार मागं बसायचं. मला सांगायचं, सर कधी माझ्याकडं बघत नाहीत म्हणून." मग माझा चेहरा पाहून तिनेच मला सावरले. "पण तुम्ही बोललात, बरं वाटलं." आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

तिला मी फसवले नाही. ती पहिल्या वाक्यातच सारे ओळखून चुकली होती. तरीही तिने मला बोलू दिले. का, हे मला पार्वतीबाईंच्या कुंकवाचा विचार करू लागल्यावर थोडेसे उमगले. पण त्या मुलाचे काय? तो तीन वर्षे माझ्या वर्गात होता, आणि मी त्याला ओळखले नाही. मेल्यावर ओळख दाखवली, तीही दुसऱ्याच कोणाची तरी.

हल्ली तोतये फोनवरून येतात. कोणी बँकेतला साहेब असतो, कोणी पोलिसाचा गणवेश चढवून पडद्यावर प्रकटतो आणि 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणून धमकावतो. असली अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगून ठेवा. ऐकीव आवाजाच्या, चेहऱ्याच्या नकलाही आता यंत्रे करू लागली आहेत. त्यांच्यापासून सावध राहायलाच हवे. पण ते परके आहेत, आणि परक्यावर पोलिसात तक्रार तरी करता येते. जवळच्याला न ओळखल्याची तक्रार कोठे नोंदवावी?

तेव्हापासून मी एवढेच करतो. तास सुरू झाला, की हजेरी मागच्या बाकापासून घेतो आणि प्रत्येक नावाबरोबर मान वर करून पाहतो. मुलांना तो माझा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

दिवाळीत फराळाला येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी दारातच विचारील, "ओळखलंत का?" आपण सवयीने "वा, न ओळखायला काय झालं!" म्हणतो आणि मग तासभर चाचपडत राहतो. यंदा, ओळखले नसेल तर सरळ म्हणावे, "नाही ओळखलं. या, बसा, सांगा सगळं." त्यात अपमान नाही. आणि चहा पुढे करताना साखर किती, हे विचारायला विसरू नये. आमच्या घरी तरी मी आता विचारतो.