बोटीची वायर बडोद्याच्या पॅनलसारखी बांधू नका

मंडळी, पावसाळी बंदी लागली की बोटी किनाऱ्यावर येतात. कुणी बोट शाकारतो, कुणी इंजिन उघडतो, कुणी रंगकाम काढतो. या सगळ्यात वायरिंगचा नंबर लागतो शेवटी. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली की वायरमनला फोन जातो. तो संध्याकाळी येतो, येताना बाजारातून पांढऱ्या केबल टायचं शंभराचं पाकीट आणि मागे गोंद लावलेले चौकोनी बेस घेऊन येतो. दोन तासांत सगळं चकाचक, फोटो काढून स्टेटसला टाकण्यासारखं. आणि मोसम अर्धा होईस्तोवर निम्मे टाय तुटलेले, बेस निघालेले, वायरी इंजिनाच्या अंगावर लोंबताहेत. हे आपल्या बंदरात कुठल्याही चार बोटींवर चढून बघा, दिसेल.

आमचं म्हणणं एवढंच आहे की वायर बांधायचा टाय आणि त्याचा बेस कुठला असावा हे बोटीच्या मालकानं आणि तांडेलानं ठरवावं. वायरमनच्या पिशवीत जे असेल त्यावर सोडू नये. आणि सोसायटीनं तो योग्य माल आपल्या स्टोअरमध्ये ठेवावा, जसा दोर ठेवतो, जसे बोये ठेवतो.

आता मथळ्यात बडोदा कुठून आलं? आपल्या कोळीवाड्यांतली काही पोरं आयटीआय करून बडोद्याला गेली आहेत. डहाणूवरून गाडी धरली की सुरत, भरूच आणि मग बडोदा, फार लांब नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणारे कारखाने आहेत, तिथे ही पोरं वायरमन आहेत. सणाला घरी आली की बापाच्या, काकाच्या बोटीची वायरिंग तीच करतात. कामाला हात चांगला, यात वाद नाही. पॅनलमध्ये वायरी त्यांनी अशा ओळीत बसवलेल्या असतात की बघत राहावं. पण कारखान्यातली सवय ते जशीच्या तशी बोटीवर आणतात, आणि गडबड तिथेच होते.

पॅनल म्हणजे लोखंडी कपाट. दार बंद, ऊन नाही, पाऊस नाही, मिठाचा वारा नाही, आणि ते जागचं हलत नाही. त्यात पांढरा टाय वर्षानुवर्षं टिकतो. पत्रा स्वच्छ पुसून चिकटवलेला गोंदाचा बेसही टिकतो. तिथे ते अगदी बरोबर आहे. आपली बोट मात्र दिवसभर उन्हात, रात्रभर दवात, अंगावर खारं पाणी आणि खाली इंजिनाची धडधड. तिथला नियम इथे कसा लागेल?

नायलॉन म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपली जाळी नायलॉनची. बडोद्याच्या फर्टिलायझरनगरात जीएसएफसीचा कारखाना आहे, तिथे कॅप्रोलॅक्टम बनतं आणि त्यापासून नायलॉन-६. जाळ्याचा नायलॉन धागा याच जातीचा. केबल टाय बहुतेक नायलॉन-६६ चे असतात, ते त्याचं सख्खं भावंड समजा. आता सांगा, नायलॉनचं जाळं दोन-तीन महिने उघड्या उन्हात टाकून ठेवाल का? नाही. ऊन खाल्लं की धागा मरतो, हातानं ओढला की तुटतो, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत. म्हणून जाळ्यावर झावळ्या टाकतो, ताडपत्री टाकतो. मग त्याच नायलॉनची पांढरी पट्टी केबिनच्या टपावर दिव्याच्या वायरीला बांधून ती टिकेल अशी आशा कशी ठेवायची?

उघड्यावर काळाच टाय लावा. काळा म्हणजे नुसता रंगवलेला नव्हे. काजळीसारखी बारीक पूड, कार्बन ब्लॅक, नायलॉनमध्येच मिसळलेली असते, ती ऊन आत जाऊ देत नाही. दोन्ही काळे दिसायला सारखेच. म्हणून पाकिटावर यूव्ही किंवा वेदर रेझिस्टंट असं छापलेलं आहे का ते वाचा, आणि कंपनीचं नाव नसलेलं पाकीट घेऊच नका.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. नायलॉनला थोडा ओलावा लागतो. पाकीट फोडून इंजिनाशेजारच्या खणात टाकलं की महिनाभरात टाय कडक होतात आणि खेचताना कटकन मोडतात. मग आपण म्हणतो माल खराब. माल बरा असतो, सुकलेला असतो. पाकीट बंद करून सावलीत ठेवायचं.

रुंदीचं गणितही साधं आहे. अडीच मिलिमीटरचा बारीक टाय साधारण ८ किलोचा ताण घेतो, ३.६ चा १८ किलो, ४.८ चा २२ किलो, आणि ७.६ चा जाड टाय ५० किलोच्या वर. बोटीवर ४.८ खालचा टाय आम्ही तरी वापरणार नाही, केबिनच्या आतल्या बारीक वायरी सोडून. बॅटरीच्या जाड केबलला ७.६. आणि हे वजन वाचून कुणी त्या टायला शिडी किंवा डिझेलचा कॅन टांगू नये. तो वायरीसाठी आहे.

आता इंजिनखोली. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर. साधा नायलॉन टाय ८५ अंशांपर्यंत चालतो. सायलेन्सरच्या नळीजवळ तो वितळणारच. तिथून वायर नेऊच नये हे पहिलं. नेणं भागच असेल तर स्टीलचा टाय, तोही ३१६ नंबरच्या स्टीलचा. ३०४ चं स्टील खाऱ्या हवेत लवकर गंज धरतं. पण उघडा स्टीलचा टाय थेट वायरीवर आवळला तर त्याची कडा इंजिनाच्या थरथरीनं वायरीचं आवरण कापत जाते. म्हणून वरून लेप असलेला घ्यावा किंवा वायरीवर आधी जाड नळी चढवावी. त्याहून चांगली म्हणजे आत रबर असलेली पी-क्लिप, स्क्रूनं घट्ट बसवलेली. आम्हाला विचाराल तर इंजिनखोलीत निम्म्या ठिकाणी टायऐवजी पी-क्लिपच हवी.

बॅटरीजवळ वेगळीच भानगड असते. बॅटरीतलं ॲसिड नायलॉनला खातं. तिथे पॉलिप्रॉपिलीनचे टाय मिळतात ते लावा. आपला दोर ज्या प्लास्टिकचा असतो तेच हे.

गोंदाच्या बेसबद्दल आमचं मत कडक आहे. बोटीवर तो नकोच. तेलकट, दमट, रंगाचे पोपडे सुटलेल्या फळीवर गोंद काय धरणार? बेस निघाला की पुढच्या टायपर्यंतची सगळी वायर झोळासारखी लटकते, हलते, कुठल्या तरी कडेला घासते. स्क्रूचा बेस घ्या, स्टीलचा स्क्रू घ्या. फायबरच्या बोटीत भोक पाडलं की त्यात सिलंट भरा, नाहीतर आतल्या प्लायमध्ये पाणी शिरून ती कुजते. आणि पाण्याच्या रेषेखाली ड्रिल लावायच्या आधी दोनदा विचार करा. हे सांगायला नको, तरी सांगतो.

किती अंतरावर बांधायचं? अमेरिकेत बोटींच्या वायरिंगचे जे नियम आहेत त्यात १८ इंच म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, याहून जास्त अंतर ठेवायचं नाही. आपल्याकडे हातभर वायर टांगली की बास, अशी पद्धत आहे. हातभर म्हणजे साधारण तेवढंच, चालेल. पण मग ते खरंच हातभर असू द्या, वावभर नको.

आवळताना मात्र जोर दाखवू नका. टाय इतपत घट्ट हवा की बोटानं सरकवला तर थोडा सरकेल. व्हीएचएफच्या अँटेनाची केबल तर जपून बांधा. ती चेपली किंवा मोडली की आवाज खरखरतो, आणि लोक सेट दुरुस्तीला देतात. तिचा जुडगा बॅटरीच्या केबलपासून वेगळा ठेवा. बाहेरून केबिनमध्ये वायर शिरते तिथे आधी खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल.

आणि टायची उरलेली शेपटी कापली की तो तुकडा खिशात टाका. बोटीच्या तळात पडलेले हे तुकडे पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात. पाणी उपसायची वेळ आली की पंप फिरतो, पाणी येत नाही. समुद्रात टाकणंही नको, जाळ्यात प्लास्टिक किती येतं ते रोज बघतोच आहोत. शेपटी अगदी सपाट कापा. तिरकी कापली तर ती ब्लेडसारखी राहते आणि अंधारात हात घालणाऱ्या खलाशाचं बोट फाटतं.

गंमत अशी की केबल टायचा जन्मच हातांच्या दुखण्यातून झालाय. १९५६ साली अमेरिकेत थॉमस अँड बेट्स कंपनीचा मॉरस लोगन हा माणूस बोईंगचा विमान कारखाना बघायला गेला होता. तिथे कामगार मेणाचा दोरा गुंडाळून, गाठी मारून हजारो वायरी बांधत होते आणि बोटं सोलून निघत होती. जाळं विणणाऱ्या घरांना याचं वर्णन करायला नको. त्यानं यावर पट्टी शोधली आणि १९५८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ती कंपनी २०१२ मध्ये एबीबीनं घेतली, आणि त्या एबीबीचा मोठा कारखाना बडोद्याच्या माणेजात आहे. बघा, फिरून परत बडोदा.

पण त्या मेणाच्या दोऱ्याची गाठ अजून गेलेली नाही. अंतराळयानांत आजही वायरी दोऱ्यानं बांधतात, कारण गाठीला टोक नसतं, वजन नसतं, आणि ती वायर कापत नाही. गाठही कुठली, तर खुंटाला दोर अडकवताना आपण दोन फेरे घेऊन मारतो तीच, वर आणखी एक पक्की गाठ. म्हणजे केबिनच्या आत, उन्हापासून दूर, टाय संपले म्हणून कुणी जाळ्याच्या सुतानं वायरी नीट बांधल्या तर आम्ही त्याला हसणार नाही. तुटक्या पांढऱ्या टायपेक्षा आपल्या म्हाताऱ्यांची गाठ शंभरपट बरी. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून बांधणं मात्र सोडा. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि चिकट वायरीवर सगळी घाण बसते.

आता कुणी म्हणेल, इतक्या छोट्या वस्तूवर एवढा लांब लेख? मंडळी, २८ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे अलिबागजवळ अक्षीच्या समोर भर समुद्रात मासेमारी बोट पेटली. सगळे १८ जण वाचले, पण बोट आणि जाळी जळून गेली. शॉर्टसर्किटचा संशय असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्या बोटीवर वायरी कशा बांधल्या होत्या यावर आम्ही बोलणार नाही. पण शॉर्टसर्किट कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सुटलेली वायर लोखंडावर घासत राहते, आवरण झिजतं, आणि एक दिवस तांबं लोखंडाला टेकतं. बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर ती वायर तापून लाल होते. फ्यूज हवाच, टाय त्याची जागा घेत नाही. पण घासणं थांबवायचं काम टायचं.

बोटीवर वायरी वाढतच चालल्या आहेत. आधी दिवा आणि हॉर्न होता. मग जीपीएस, फिश फाइंडर, व्हीएचएफ आले. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमधून केंद्र सरकारची जहाज संपर्क योजना सुरू झाली. देशभरात १ लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी. संकटात किनाऱ्याला निरोप देणारं यंत्र आहे ते. पण त्याची वायर वाऱ्यावर हलून जोडापाशी तुटलेली असेल तर निरोप कसा जाणार? सरकार यंत्र देईल, त्याची वायर कशानं बांधली आहे ते आपणच बघायचं आहे.

खर्चाचं म्हणाल तर घरातला हिशोब ठेवणाऱ्या आयाबहिणींनी हे जरूर वाचावं. चांगला काळा टाय पांढऱ्यापेक्षा महाग पडतो, स्टीलचा आणखी महाग. पण एका बोटीला टाय, बेस, पी-क्लिपा आणि स्क्रू मिळून जे लागतं ते एका फेरीच्या डिझेलच्या जवळपासही जात नाही. आणि मोसमात एक फेरी चुकली की काय होतं ते आयाबहिणींना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

सुटं घेतलं की दुकानदार सांगेल तो भाव. पंधरा-वीस बोटींचा माल एकत्र घेतला तर बडोद्याहून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून घाऊक भावानं आणता येईल. तिकडे काम करणारी आपली पोरं माल पारखून घेतील, ते त्यांचं रोजचंच काम आहे. म्हणून कमिटीपुढे आम्ही मागणी ठेवतो आहोत: काळे ४.८ आणि ७.६ चे टाय, स्क्रूचे बेस, ३१६ चे लेपवाले टाय, रबराच्या पी-क्लिपा आणि स्टीलचे स्क्रू. पांढरे टाय आणि गोंदाचे बेस मागवू नयेत, फुकट मिळाले तरी.

ज्यांच्या बोटी अजून किनाऱ्यावर आहेत त्यांनी या आठवड्यात एकदा टॉर्च घेऊन इंजिनखोलीत उतरावं, वायरी जिथे लोंबताहेत त्या जागा खडूनं खुणावून मोजाव्यात, आणि आकडा कमेंटमध्ये किंवा ऑफिसात येऊन सांगावा. त्यावरूनच किती माल मागवायचा ते ठरेल.